पेठ, शेटे आणि पाटी : पुणे शहरातील स्थानिक व्यापाराविषयी काही विचार

मराठीत ‘पेठ’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. व्यापाराचे ठिकाण हा एक अर्थ व नगराचा वस्तीविभाग हा दुसरा. मोल्सवर्थने आपल्या कोशात हे दोन्ही अर्थ नोंदविले आहेत. शब्द मुळचा द्राविडी. कानडीत ‘पेटे’, तेलुगूत ‘पेट’ व तमिळमध्ये ‘पेट्टै’ ह्या रूपांनी तो आढळतो आणि त्या भाषांतही बाजार व वस्ती ह्या दोन अर्थांची अशीच सरमिसळ झालेली दिसते. बंगळूरची जुनी पेटे, हैदराबादचे बेगमपेट, चेन्नईचे सैदापेट ही नावे ह्याच कुळातली होत. तथापि महाराष्ट्रात ह्या शब्दाचा वस्तीवाचक अर्थ पुण्याइतका घट्ट क्वचितच कोठे रुजला असेल. पुणेकर ‘मी सदाशिव पेठेत राहतो’ असे म्हणतो तेव्हा आपण एका बाजाराचे नाव घेत आहोत ह्याची त्याला जाणीवही नसते.

ही विस्मृती भाषेच्या अभ्यासकाला उद्बोधक वाटावी अशी आहे. बाजार वसवावयाचा म्हणजेच वस्ती करावयाची, आणि वस्ती करावयाची तर आधी उदमी आणून बसवावयाचा, अशी ज्या समाजाची रीत होती, त्याच समाजात एक शब्द दोन्ही कामे करू शकतो. स्थानिक, स्वतंत्र व्यापाराचे एखाद्या नगराला काय मोल असते, हा प्रश्न आज बहुधा अर्थशास्त्राच्या परिभाषेत विचारला जातो व त्याचे उत्तर भाव, नफा आणि रोजगार ह्यांच्या आकड्यांत शोधले जाते. ती पद्धत योग्यच आहे. परंतु ह्या प्रश्नाची काही अंगे आकड्यांत येत नाहीत. ती शब्दांत, पाट्यांत व जुन्या कागदपत्रांत सापडतात. प्रस्तुत लेखात पुणे शहरापुरता त्यांचा विचार करावयाचा आहे.

पुण्याच्या वाढीची कथा सर्वज्ञात आहे. कसबा हा जुना गाव. त्याच्याभोवती मोगल अमदानीत व त्यापूर्वीही काही पुरे वसले होते. वारांची नावे त्यांना पुढे मिळाली. पहिल्या बाजीरावाने इ. स. १७३० मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातला आणि राजधानीचा मान नसलेले हे गाव राज्यकारभाराचे केंद्र झाले. तेथून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पेठांमागून पेठा वसल्या. सदाशिवरावभाऊंच्या नावाची सदाशिव, नारायणरावाच्या नावाची नारायण, सरदार रास्त्यांच्या नावाची रास्ता, नाना फडणिसांच्या नावाची नाना. ना. वि. जोशी ह्यांचे ‘पुणे शहराचें वर्णन’ १८६८ साली निघाले तेव्हा पेठांची ही मांडणी पक्की झालेली होती.

नावे सरदारांची असली तरी पेठ वसविण्याचे प्रत्यक्ष काम निराळ्याच मंडळींकडे असे. नवी पेठ करावयाची ठरली की सरकारातून कौल दिला जाई. येऊन वसणाऱ्या वाणी-उदमी व कारागिरांना अमुक वर्षेपर्यंत करांची माफी, वेठबिगारीपासून सूट, आणि मुदत संपल्यावर हळूहळू चढत जाणारा आकार, असे अशा कौलांचे सामान्य स्वरूप असे. पेठेची उभारणी ज्याच्या अंगावर टाकली असेल त्याला शेटेपणाचे वतन मिळे. जोडीला महाजन असे. बाजारातील दुकानांवर त्यांचे ठरीव हक्क असत आणि बाजाराचे रीतिरिवाज सांभाळणे, मापे पाहणे, तंट्यात साक्ष देणे ही कामे त्यांच्याकडे असत. ‘शेटे’ हा शब्द संस्कृत ‘श्रेष्ठी’पासून आलेला, ‘शेठ’ त्याचाच भाऊ. मराठेकालीन महजरांवर पाटलाची निशाणी नांगराची, तशी शेट्याची तागडीची. वि. त्र्यं. गुणे ह्यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या प्रबंधात अशा सभांचा व त्यांच्या निवाड्यांचा जो परामर्श घेतला आहे, तो ह्या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखा आहे. ज्याच्या हाती तराजू, त्याला गावच्या न्यायात जागा. अर्थात ज्याच्या न्यायात खोट, त्याच्या तराजूवर कोणाचा विश्वास बसणार? ही दोन्ही नाती त्या एका निशाणीत आली आहेत.

कौलाचे मर्म असे की व्यापारी तेथे राहणारा असावा, ही त्याची अध्याहृत अट होती. सूट मिळे ती वसणाऱ्याला. माल विकून निघून जाणाऱ्याकडून जकात घेतली जाई, त्याला कौल दिला जात नसे.

ह्या धोरणामागचा विचार आपल्याला एका ग्रंथात सविस्तर मिळतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेले ‘आज्ञापत्र’ इ. स. १७१५ च्या सुमारास लिहिले गेले. त्यात साहुकारांसंबंधीचे जे प्रकरण आहे, त्याचा आशय असा की साहुकार हे राज्याचे भूषण होत. त्यांच्या योगाने राज्य आबादान होते, परमुलखातील दुर्मिळ वस्तू येतात, व संकटसमयी कर्जवाम मिळते. म्हणून त्यांना पेठांत आणून वसवावे व त्यांचा मान राखावा. इतके सांगून अमात्य एक मोठा अपवाद करतात. टोपीकर, म्हणजे फिरंगी, इंग्रज, वलंदेज इत्यादी, हेही सावकारीच करतात. पण ते इतर साहुकारांसारखे नव्हेत. त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत आणि त्यांच्याच हुकमाने ते येथे व्यापार करण्यास आले आहेत. म्हणून त्यांना येऊ द्यावे, व्यवहार करू द्यावा, परंतु किनाऱ्यावर किंवा दुर्गांच्या जवळ कायमची जागा देऊ नये.

ह्या प्रकरणाचा उल्लेख बहुधा इंग्रजांविषयीच्या दूरदृष्टीचा पुरावा म्हणून केला जातो. मला त्यात त्याहून अधिक काही दिसते. अमात्यांनी येथे व्यापाऱ्याचे दोन वर्ग पाडले आहेत आणि ते जातीवरून किंवा धर्मावरून नव्हेत, देशावरूनही सर्वस्वी नव्हेत. कारण परमुलखातले साहुकारही आणून वसवावेत असेच ते म्हणतात. भेद आहे तो निर्णय कोठे होतो ह्यावर. एक व्यापारी स्वतःच्या जबाबदारीवर धंदा करतो व ज्यांच्यात राहतो त्यांच्या सुखदुःखाला बांधलेला असतो. दुसरा दूरच्या कोणाच्या तरी आज्ञेत असतो. व्यापारसंस्थेच्या स्वातंत्र्याची इतकी स्पष्ट कसोटी त्या काळच्या मराठी गद्यात दुसरीकडे माझ्या पाहण्यात नाही.

परंतु येथेच थांबून सावध होणे अवश्य आहे. स्थानिक व्यापारी म्हणजे गावाचा हितकर्ता, असे समीकरण मांडू लागलो तर पुणे जिल्ह्याचाच इतिहास आडवा येतो. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या गावी जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला, कर्जरोखे हिसकावून त्यांची होळी केली, आणि पाहता पाहता पुणे व नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. दख्खनचे दंगे ह्या नावाने ते इतिहासात नमूद आहेत. ज्यांवर रोष झाला ते परके कंपनीवाले नव्हते; गावातलेच दुकानदार होते. धान्य तेच घेत, कापड तेच विकत, कर्ज तेच देत. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा ह्या दंग्यांतून निघाला. म्हणजे समीपता ही स्वतः गुण नव्हे. दुकान, सावकारी आणि कोर्टाचा हुकूमनामा एकाच हातात आले आणि त्या हाताला विचारणारी गावची सभा ब्रिटिश अमलात लुळी पडली, की तागडी तीच राहूनही तिचा अर्थ पालटतो. पेठेतल्या शेट्यावर गोताची नजर होती. सुप्याच्या सावकारावर कोणाचीच नव्हती. शिवाय पेठांच्या आळ्या ह्या बव्हंशी जातींच्या आळ्या होत्या हेही विसरता येत नाही. तेथे दुकान मांडण्याचा अधिकार सर्वांना कधीच सारखा नव्हता, व जुन्या पेठेचे गोडवे गाणाऱ्या लेखनात ही गोष्ट सहसा गाळली जाते.

जोतीराव फुले ह्यांचे उदाहरण ह्या संदर्भात फार बोलके आहे. फुले स्वतः व्यावसायिक होते. पुणे कमर्शिअल अँड काँट्रॅक्टिंग कंपनी ह्या संस्थेत त्यांची भागीदारी होती. खडकवासल्याच्या धरणासारख्या बांधकामांना माल पुरविण्याचे कामही त्यांनी केले. उद्योगधंद्याविषयी त्यांना तिटकारा असण्याचे कारण नव्हते. तोवर पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. तो हलवून शुक्रवार पेठेत मोठी दगडी इमारत बांधण्याचे नगरपालिकेने ठरविले, तेव्हा फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला. अष्टकोनी मनोऱ्याची ती इमारत १८८६ साली पुरी झाली आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांच्या नावावरून तिला ‘रे मार्केट’ म्हणू लागले. पुढे १९३८ मध्ये प्र. के. अत्रे ह्यांच्या पुढाकाराने तिचे नामांतर ‘महात्मा फुले मंडई’ असे झाले. जिच्या खर्चाला विरोध केला त्याच इमारतीला विरोधकाचे नाव मिळावे, ह्यात काव्यगत न्याय आहे की विनोद आहे हे वाचकाने ठरवावे. ‘मंडई’ हा शब्द मात्र दोन्ही नावांहून जुना आहे. संस्कृत ‘मंडपिका’, म्हणजे जकात घेण्याचा मांडव, ह्याच्यापासून तो आला. बाजाराच्या मुळाशी कर असतो ही गोष्ट तो मुकाट्याने सांगतो.

आता एका आळीकडे जरा निवांतपणे पाहू. कारण सर्वसामान्य विधानांपेक्षा तेथे अधिक हाती लागते. कसब्यातील तांबट आळी पेशवाईत भरभराटीला आली. येथील त्वष्टा कासार समाज कोकणातून वर आलेला. कालिका ही त्याची देवता. वाड्यांना, देवळांना व लष्कराला लागणारी तांब्यापितळेची भांडी येथे घडत. १८१८ मध्ये राज्य गेले. द. रा. गाडगीळ ह्यांनी भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावरील आपल्या १९२४ सालच्या ग्रंथात नागरी कारागिरीच्या ऱ्हासाची कारणे सांगताना दरबारांचा लोप, परकीय अंमल व त्याबरोबर आलेली परकीय अभिरुची, आणि पुढारलेल्या यंत्रोद्योगाची स्पर्धा ह्यांवर भर दिला आहे. तिन्ही कारणे पुण्यात हजर होती. तरीही रेशमी व जरीच्या विणकामाला जी उतरती कळा लागली ती तांबटांच्या वाट्याला तितक्या लवकर आली नाही. १८५८ मध्ये पुण्यापर्यंत आगगाडी आली. तिने परदेशी कापड आणले तसा परदेशी पत्राही आणला. दरबार गेला, पण घरोघरचा हंडा, कळशी, तपेली, घंगाळ आणि देव्हाऱ्यातील ताम्हन-पंचपात्र राहिले.

हा धंदा टिकण्याचे खरे कारण मला त्याच्या भाषेत दिसते. तांबटाच्या दुकानातील व्यवहाराचे शब्द पाहा. भांडे वजनावर विकले जाई. धातूचा भाव वेगळा व ‘घडणावळ’ वेगळी. जुने भांडे परत आणले की ते ‘मोड’ म्हणून घेतले जाई आणि थोडी ‘घट’ धरून त्याची किंमत नव्या भांड्यात वळती होई. ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार आपण आज निरुपयोगी ठरविणे ह्या अर्थी वापरतो. मूळ व्यवहारात मोडीत निघालेली वस्तू मातीमोल होत नसे, ती दुसऱ्या रूपाने घरी परत येई. कळशीला पोचा आला की ती आळीत जाई, पितळी पातेल्याला कल्हई लागे ती वर्षातून निदान एकदा. एका भांड्याच्या आयुष्यात तांबट, कासार, कल्हईवाला आणि प्रसंगी ते गहाण ठेवून घेणारा शेजारचा वाणी, इतक्यांशी घराचा संबंध येई. म्हणजे ते घरातील भांडे होते, तसेच घरातील शिल्लकही होते; आणि ती शिल्लक कोणाकडे मोडावयाची हे घरातल्या बाईला ठाऊक असे.

‘मठार’ ह्या शब्दाचाही असाच विचार करता येईल. तयार भांड्यावर हातोडीने एकसारखे बारीक ठोके देत जाणे ह्याला मठारणे म्हणतात. त्या खाचांवर उजेड खेळतो व भांडे देखणे दिसते. परंतु ही मुळात शोभा नव्हे. तांबे हा मऊ धातू. ठोकल्याने तो ताठ होतो, आणि पातळ पत्र्याचे भांडेही पोचा न येता टिकते. गिऱ्हाइकाला शोभा वाटावी ती कारागिराच्या दृष्टीने मजबुती असावी, आणि हे ज्ञान घणाच्या आवाजाबरोबर बापाकडून मुलाकडे जावे, ह्याला शाळा म्हणावयाचे नसेल तर दुसरे काय म्हणावे? आळीत कारागीर एकमेकांना लागून बसतात म्हणूनच ही शाळा चालते. एकटा तांबट दूरच्या वसाहतीत जाऊन बसला तर भांडे घडवील, शिष्य घडविणे त्याला अवघड जाईल.

तथापि तांबटाचे स्वातंत्र्यही पूर्वीच उणे झाले होते. गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३६ साली ना. म. जोशी ह्यांचा दख्खनमधील नागरी हस्तव्यवसायांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्या काळच्या कारागिरीचे सर्वसाधारण दुखणे असे होते की कच्चा माल व्यापाऱ्याचा, पक्का मालही व्यापाऱ्याचा, आणि कारागिराच्या वाट्याला केवळ मजुरी. दुकानावरची पाटी कोणाचीही असो, भांडवल हातात नसेल तर स्वतंत्र धंदा हा शब्द पोकळ होतो. त्यानंतर ॲल्युमिनिअम आले आणि स्वातंत्र्योत्तर काळात पोलाद. स्टेनलेस पोलादाला कल्हई लागत नाही, त्याची मोड तांब्यासारखी किंमत देत नाही, आणि ते आळीत घडत नाही. बोहारणीने जुन्या कपड्यांच्या बदल्यात ते घरोघर पोचविले. सोयीच्या दृष्टीने पाहिले तर गृहिणींनी केलेली निवड चुकीची होती असे कोण म्हणेल? घासून घासून हात काळे करण्यातून त्यांची सुटका झाली. आज आळीत हे काम करणारी कुटुंबे थोडी उरली आहेत. अलीकडे काही आरेखकांनी व वारसाजतनाच्या कार्यकर्त्यांनी मठारकामाला नवी रूपे व नवे गिऱ्हाईक मिळवून दिले आहे, ते बहुतांशी शोभेच्या वस्तूंचे.

‘गिऱ्हाईक’ हा शब्द आला आहे तेव्हा त्याविषयी दोन शब्द. संस्कृत ‘ग्राहक’ ह्याचेच हे लोकांच्या तोंडी रुळलेले रूप. मराठीत ते नपुंसकलिंगी आहे. माणसाला उद्देशून असूनही आपण ‘ते गिऱ्हाईक’ म्हणतो, आणि बहुधा ‘आमचे’ हे विशेषण त्याला चिकटलेले असते. त्यातील आपलेपणा खरा, तसाच एखाद्याला ‘गिऱ्हाईक करणे’ ह्या प्रयोगातला डावही खरा. पुण्यात बिंदुमाधव जोशी ह्यांनी १९७४ साली स्थापलेल्या चळवळीने मात्र ‘गिऱ्हाईक पंचायत’ असे नाव घेतले नाही; ‘ग्राहक पंचायत’ असे घेतले. १९८६ च्या कायद्यानेही ग्राहकालाच संरक्षण दिले. गिऱ्हाईक कोणाचे तरी असते. ग्राहक हा कोणाचा नसतो, त्याला हक्क असतात. तत्सम रूपाने तद्भवाची जागा घेतली त्याबरोबर एक नाते मागे पडले आणि एक अधिकार पुढे आला. दोन्हींपैकी एकच ठेवावयाचे असा प्रसंग आला तर सुप्याची आठवण ठेवून मी अधिकाराच्या बाजूला झुकेन. मात्र असा प्रसंग यावाच असे नाही.

पुण्याच्या दुकानांच्या पाट्यांची थट्टा पुष्कळ झाली आहे. त्यांतील ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी तर दंतकथेत जमा झाली आहे. विनोद बाजूस ठेवून तिच्याकडे वाक्य म्हणून पाहिले पाहिजे. जाहिरातीचा स्वभाव काय आहे ते सांगण्याचा; ही पाटी काय नाही ते सांगते. नकारार्थी वाक्य प्रशंसापर कसे झाले? कारण त्यातील अध्याहृत विधान होकारार्थी आहे: जे काही आहे ते येथेच आहे, माल येथे होतो, आणि तक्रार असेल तर ज्याच्यापाशी करावयाची तो समोर गादीवर बसला आहे. नामसाधर्म्याचा फायदा घेणाऱ्यांपासून बचाव हा तिचा व्यावहारिक हेतू असेल. पण ती अभिमानाने मिरविली गेली ती ह्या दुसऱ्या अर्थामुळे. अमात्यांनी केलेला भेदच ह्या चार शब्दांत आला आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल का? दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याच्या प्रसिद्ध प्रथेचीही उपपत्ती येथेच आहे. दुकान खाली व घर वर किंवा मागे, अशी वाड्यांची रचना होती. मालक जेवावयास आत गेला की फळ्या लागत. नोकर ठेवून दुकान चालू ठेवणे शक्य होते, परंतु मग समोर गादीवर बसलेला तो दुसराच कोणी झाला असता.

धंद्याच्या नावांवरूनही हेच दिसते. ‘दगडूशेठ हलवाई’, ‘भाऊ रंगारी’, ‘तुळशीबागवाले’: माणूस, व्यवसाय आणि ठिकाण ह्यांतील कोणतेही एक नाव दुसऱ्याच्या जागी उभे राहते. १८९० नंतरच्या दशकात सार्वजनिक गणेशोत्सवाला आकार आला तेव्हा मूर्ती बसविणाऱ्यांत हे हलवाई, हे रंगारी, मंडईतील विक्रेते पुढे होते. टिळकांच्या नेतृत्वाचा विचार करताना ही गोष्ट दुय्यम मानली जाते; वस्तुतः वर्गणी कोण काढणार, मांडवाला जागा कोण देणार आणि रात्री राखण कोण करणार, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे पेठेतल्या दुकानदारांनी दिली नसती तर उत्सव केसरीच्या स्तंभांतच राहिला असता.

आपल्या विद्याशाखेवर असलेल्या एका ऋणाचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. व्यापाऱ्याकडे विद्वानाने थोडे वरून पाहावे ही आपल्याकडील जुनी खोड आहे. पण मराठी भाषेच्या अभ्यासाची साधने कोणी निर्माण केली? १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर ह्यांनी पुण्यात चित्रशाळा काढली व पुस्तकांचे दुकानही घातले, ते धंदे म्हणून. श्री. व्यं. केतकरांनी ज्ञानकोशाकरिता १९१६ मध्ये नागपूरला मर्यादित कंपनी नोंदविली, भाग विकले, वर्गणीदार मिळविले, पुढे सारा संसार पुण्यास आणला आणि १९२० ते १९२९ ह्या काळात ज्ञानकोशाचे तेवीस खंड वाचकांच्या हाती दिले. कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेला हा विद्वान आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे भागधारक, कागद, छापखाना व थकलेल्या वर्गण्या ह्यांत घालवीत होता. ‘माझें बारा वर्षांचें काम’ ह्या आपल्या पुस्तकात त्याने त्याचा जमाखर्च मांडला आहे. य. रा. दाते व चिं. ग. कर्वे ह्यांनी महाराष्ट्र कोशमंडळ ह्या मर्यादित मंडळीतर्फे १९३२ ते १९३८ ह्या काळात शब्दकोशाचे सात विभाग काढले. पुरवणी १९५० मध्ये आली.

ह्या तारखा लक्षात घेण्याजोग्या आहेत. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. म्हणजे आपली संस्था जन्माला येण्यापूर्वी, सरकारी अनुदानाच्या मोठ्या आधाराशिवाय, पेठांमधल्या लहान व्यवसायांनी मराठीचा सर्वांत मोठा कोश व पहिला मोठा ज्ञानकोश पुरा केला होता. पुढेही तेच. मोल्सवर्थचा कोश दुर्मिळ झाला तेव्हा १९७५ मध्ये शुभदा-सारस्वत प्रकाशनाने तो पुन्हा छापला. दाते-कर्वे ह्यांचा शब्दकोश १९८८ मध्ये वरदा बुक्सने. दोन्ही पुण्यातील खाजगी प्रकाशने. ‘आणि मंडळी’ हा मराठी व्यापारी नावांतील शेपटीवजा प्रयोग आता लुप्तप्राय झाला आहे. मुंबईच्या ‘दामोदर सावळाराम आणि मंडळी’सारख्या जुन्या मुखपृष्ठांवर तो भेटतो. कंपनी ह्या शब्दाला आपल्या भाषेने शोधलेला तो प्रतिशब्द होता, आणि त्याच शब्दाने आपण घरच्या पंगतीला बसलेल्यांनाही संबोधतो.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले तेव्हा नारायण, शनिवार, कसबा ह्या भागांतील कित्येक दुकाने, छापखाने व त्यांतील माल गेला. त्यातून पुष्कळजण उठले. त्यापुढच्या काळात घाऊक व्यापार पेठांतून गुलटेकडीच्या बाजार आवारात गेला, उपनगरे वाढली, मोठी विक्रीदालने आली, आणि आता दुकानात न जाताच माल दारात येतो. भाव पुष्कळदा कमी असतो, निवड अधिक असते, वृद्धांची व आजाऱ्यांची सोय होते. ह्या लाभांना क्षुल्लक म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु माल आणून देणारा मुलगा आणि त्याचा भाव ठरविणारी यंत्रणा ह्यांच्यात अमात्यांनी दाखविलेले अंतर आहे. खाते घालणे, उधार देणे, ‘राहू द्या, पुढच्या वेळी द्या’ म्हणणे हे निर्णय घेण्याचा अधिकार त्या मुलाला नाही. ‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ ही म्हण वाण्याच्या मापावर संशय घेते. पण पोते रिते आहे हे मोजून त्याच्याच दारात भांडता येत होते. आता माप बरोबर असते. भांडावयाचे झाल्यास दार सापडत नाही.

२०१४ च्या कायद्याने पथविक्रेत्यांना नोंदणी व समितीत प्रतिनिधित्व दिले आहे. शेटेपणाच्या वतनाशी त्याची तुलना वरवरची ठरेल. तरी बाजारात बसणाऱ्याला बाजाराच्या नियमनात जागा असावी हे तत्त्व पुन्हा लिखित स्वरूपात आले, एवढे तरी म्हणता येईल. त्या समित्यांच्या कामाचा अभ्यास आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हाती घेईल तर अठराव्या शतकातील कौलनामे व आजची इतिवृत्ते शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त होईल. सप्टेंबर २०२४ पासून मंडईच्या खाली भुयारी मेट्रोचे स्थानक सुरू आहे. कसबा पेठेचे स्थानक पुढचेच. तेथून वर आले की तांबट आळी चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि कामाच्या दिवशी सकाळी तेथे अजून मठारण्याचा आवाज ऐकू येतो.